पदवी टाकू नका, काम टाका: खान्देशातल्या पदवीधराने नेटवर नोकरी कशी शोधावी

माझा भाचा अमळनेरहून बीएस्सी झाला, विषय रसायनशास्त्र. निकालानंतर दोन महिने तो मोबाइलवर रोज एकच गोष्ट इंग्रजीत टाइप करायचा: 'बीएस्सी जॉब्स जळगाव'. समोर यायचं तेही रोज सारखंच. टेलिकॉलर, विमा एजंट आणि घरबसल्या कमवा. पारावर कोणी विचारलं, "काय भो, लागला का कुठे?" की हा चपलेकडे बघायचा.

चूक त्याच्या पदवीत नव्हती, टाइप करण्यात होती. कारखानदार जाहिरातीत पदवीला नव्हे, कामाला नाव देतो. केमिस्ट्रीच्या मुलासाठी ते नाव 'क्यूसी केमिस्ट' (म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा), 'लॅब असिस्टंट' किंवा 'प्रॉडक्शन केमिस्ट' असतं. बीकॉमवाल्यासाठी 'अकाउंट्स असिस्टंट', 'टॅली ऑपरेटर', 'जीएसटी एक्झिक्युटिव्ह'. बीएला वाटतं आपल्यासाठी काहीच नाही, पण 'बॅक ऑफिस', 'एमआयएस' (म्हणजे कंपनीच्या आकडेवारीचे अहवाल बनवणं), 'एचआर असिस्टंट', 'फील्ड ऑफिसर' यांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कृषी पदवीधराने 'ॲग्रॉनॉमिस्ट', म्हणजे पीकतज्ज्ञ, टाकून बघावं, ठिबकच्या आणि बियाण्यांच्या कंपन्या हाच शब्द वापरतात.

म्हणून पहिले दोन दिवस अर्ज करूच नका. एक वही घ्या, आपल्या विषयाच्या वीसेक जाहिराती वाचा आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत उतरवून घ्या. पुढचं सगळं या वहीवर चालतं.

गावाचं नाव कसं टाकायचं

हे कोणी सांगत नाही. भुसावळ कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने. धुळ्याचं जुनं स्पेलिंग अजून कुठे कुठे भेटतं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमधल्या जागा काही साइटवर अजून औरंगाबाद नावाखालीच असतात. बुलढाण्याचं जळगाव जामोद आपल्या जळगावात मिसळून येतं ते वेगळंच. दोन्ही स्पेलिंगं, दोन्ही नावं टाकून बघा.

आणि 'महाराष्ट्र' हा फिल्टर लावून मोकळं होऊ नका. नंदुरबार-दोंडाईच्याच्या मुलाला पुण्यापेक्षा सुरत जवळ. नवापूर स्टेशनचा तर एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे, पण साइटच्या फिल्टरला ते कुठून कळणार? सुरत, अंकलेश्वर, वापी ही नावं स्वतंत्र टाका. रसायनवाल्यांना तिकडे जास्त वाव आहे. भाच्याला मुलाखतीचा पहिला फोन अंकलेश्वरहून आला.

खातं स्वतःचं, नंबर स्वतःचा

नेट कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. तो घाईत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. पुढे ओटीपी त्याला, मुलाखतीचं पत्रही त्याला, आणि आपण घरी वाट बघत बसलेलो. प्रिंट त्याच्याकडून काढा, खातं मात्र स्वतः उघडा. पासवर्ड वहीत लिहा.

ईमेल साधा ठेवा. पाटील आडनावाचे आपल्याकडे इतके, की हवा तो पत्ता मिळत नाही. मग मुलं 'किंग', 'बॉस' जोडतात. त्यापेक्षा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जोडा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, असा घोळ बहुतेकांचा असतो. कोणत्या रकान्यात काय भरलं ते सगळीकडे एकसारखं ठेवा. गुणपत्रिका, पदवी डिजिलॉकरमध्ये दिसत असेल तर तिथून घ्या. ती कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत.

बायोडेटा

एक पान. बायोडेटा आधी बऱ्याचदा सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. त्यामुळे ॲपमधले दोन रकान्यांचे रंगीत नमुने टाळा, साधा मजकूर टाका आणि पीडीएफ करा. वहीतले जे शब्द तुम्हाला खरोखर लागू पडतात ते इथे यायला हवेत. 'कष्टाळू, प्रामाणिक' लिहून कोणाला काही कळत नाही. 'टायट्रेशन, पीएच मीटर, कॉलेज प्रकल्पात विहिरीच्या पाण्याची तपासणी' हे कळतं. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय काढून टाका.

आता माझं एक मत. रावेर-यावलची मुलं घरची केळी लपवतात. घड मोजणं, मजुरीचा हिशेब, व्यापाऱ्याशी भाव हे सगळं केलेलं असतं आणि बायोडेटात त्याचा एक शब्द नसतो. खतं, बियाणं, पीककर्ज यांच्या फील्डच्या जागेसाठी अर्ज करताना ते दोन ओळींत लिहा. शहरातल्या मुलाकडे ते नाही.

फाइलला 'न्यू फायनल 2' असं नाव देऊ नका. तुमचं नाव आणि पद, बस.

शोधायचं कुठे

नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, इंडीड यांवर खातं उघडा, वहीतले शब्द टाका, 'शेवटचे 24 तास' किंवा 'शेवटचा आठवडा' हा फिल्टर लावा आणि अलर्ट सुरू करा. महिनाभर जुन्या जाहिरातीवर वेळ घालवू नका. गूगलवर शोधताना पदाचं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलं की नेमका तोच शब्दसमूह शोधला जातो.

सरकारी पोर्टलं फुकट आहेत: केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, 2015 पासूनचं, आणि राज्याचं महास्वयम. पण नव्या पदवीधराने आवर्जून बघावं ते एनएटीएस, म्हणजे पदवी-पदविकाधारकांची शिकाऊ उमेदवारी. 2019 च्या नियमबदलाने पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये झालं. रक्कम मोठी नाही, पण 'अनुभव हवा' या अटीवरचा उपाय तोच. एमपीएससी, रेल्वे, बँकांच्या जाहिराती फक्त त्यांच्या मूळ साइटवर वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये तारीख बऱ्याचदा मागच्या वर्षीची असते.

कंपन्यांच्या साइटवर 'करिअर्स' हे पान असतं. तिथेही नाव नीट बघा. विप्रो 1945 साली अमळनेरातच वनस्पती तुपाच्या धंद्यातून सुरू झाली. आज नुसतं विप्रो टाकलं की सॉफ्टवेअरच्या जागा येतात. साबण वगैरेंचा व्यवसाय 2013 मध्ये वेगळ्या कंपनीत गेला, त्याच्या जागा वेगळ्या शोधाव्या लागतात.

जळगाव एमआयडीसीतले पाइपवाले, चटईवाले, डाळमिलवाले यांतले बरेच जण जाहिरातच देत नाहीत. ओळखीतून माणूस घेतात. त्यांच्यासाठी गूगल मॅप्स उघडा, एमआयडीसीचा भाग मोठा करा, एकेका कारखान्यावर बोट ठेवा. फोन नंबर बहुधा दिलेला असतो. धुळ्याच्या अवधान आणि नरडाणा, नंदुरबारची नवापूर या वसाहती अशाच बघा. सकाळी अकराच्या सुमारास फोन करा आणि थेट विचारा: "साहेब, लॅबमध्ये माणूस लागतो का? बायोडेटा कोणत्या नंबरवर पाठवू?" दहांत आठ नाही म्हणतील. म्हणू द्या.

पैसे मागितले की फोन ठेवा

भाच्याला एका 'कंपनी'ने ऑफर लेटर पाठवलं, शिक्क्यासकट. लॅपटॉपची अनामत म्हणून 1,850 रुपये आजच भरा म्हणे, परत मिळतील. माझ्या बहिणीने ते भरलेही. परत काय मिळणार! मुलाखत व्हॉट्सॲप चॅटवर, ईमेल साध्या जीमेलवरून, आणि घाई. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की समजून जा. सरकारी परीक्षेचं शुल्क असतं, पण ते अधिकृत साइटवर भरायचं असतं, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. कंपनी नोंदलेली आहे का ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. मात्र खऱ्या कंपनीचं नावही भामटे वापरतात, म्हणून तिच्या साइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

वहीचं मागचं पान

तिथे तक्ता आखा: तारीख, कंपनी, पद, कोणता बायोडेटा पाठवला, उत्तर. आठवड्याने कंपनीला एकदा आठवण करून द्या, दोनदा नको. अनोळखी नंबर उचला. भाच्याने अंकलेश्वरचा तो फोन 'सुरतचा कोणी साडीवाला असेल' म्हणून दोनदा कापला होता. तिसऱ्यांदा त्याच्या आईने उचलला.