कॅम्परचं छप्पर उघडण्याआधी

छताला पिवळा डाग दिसला की पहिला मोह होतो तो सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लगद्याची, नळी घेऊन वर चढायचं आणि दिसेल त्या फटीत चोपडायचं. मिशिगनमध्ये जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा कॅम्पर, घेतला तेव्हा आम्ही हेच केलं. हिवाळा सरल्यावर बेडवरच्या छताला अंगठा लावून पाहिला, तर तो सरळ आत गेला. प्लायवुडचा भिजलेला पापड झाला होता.

म्हणून आधी ओल कुठवर गेलीय ते शोधा. डागाच्या बरोब्बर वर भोक असेल असं नाही. कौलारू घरात पावसाळा काढलेल्याला हे सांगायला नको: फुटलेलं कौल एकीकडे, आणि पाणी रिपेवरून घरंगळत भलतीकडेच टपकतं. लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आतून दर फुटावर टोचा, आकडा 20 टक्क्यांच्या वर गेला की पेन्सिलने फुली मारा. आमच्या फुल्या बाथरूमच्या व्हेंटपाशी, म्हणजे छतातल्या हवेच्या झरोक्यापाशी, जाऊन थांबल्या, डागापासून पाच फुटांवर.

वरचं आवरण कसलं आहे ते गाडीच्या कागदपत्रांत बघून ठेवा, कारण सीलंट त्याला चालणारं लागतं. ईपीडीएम नावाचं रबर असेल तर पेट्रोल, टर्पेंटाइन लांबच ठेवा, रबर फुगतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आधीच्या मालकाने सिलिकॉन थापलं असेल तर ते प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडायचं, त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, अख्खा दिवस धरा.

सामान फार नाही. व्हेंटच्या पट्टीखाली घालायला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), नवे स्क्रू, आणि सीलंट दोन प्रकारचं: सपाट जागी आपोआप पसरणारं, उभ्या कडेला न ओघळणारं. मी पहिलंच कडेलाही लावलं होतं. सकाळी पाहतो तर खिडकीपर्यंत पांढऱ्या मिशा! वर वावरताना वजन वाटलं जावं म्हणून एक प्लायवुडचा तुकडा, आणि बुरशीसाठी एन-95 मास्क, गॉगल, हातमोजे.

छत कापण्याआधी बाहेरची वीज काढा, बॅटरीही सोडवा. वायरी तिथूनच जातात. काढलेला प्रत्येक भाग फोटो काढून, त्याचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा.

हवामान बघून सलग चार-पाच कोरडे दिवस मोकळे ठेवा, तरीही कॅम्परपेक्षा मोठी ताडपत्री जवळ असू द्या. कुजलेलं काढल्यावर पंखा आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) रात्रंदिवस चालवायचा. आजूबाजूचं लाकूड 15 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत नवं प्लायवुड गॅरेजमध्येच राहू द्या.