रीफ टँक नव्या घरी हलवताना या चुका टाळा

"छोटीच तर टाकी आहे, संध्याकाळपर्यंत उरकून टाकू." घर बदलणाऱ्यांच्या तोंडून हे ऐकलं की मला त्यांच्या रीफ टँकमधल्या, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या जिवांची काळजी वाटायला लागते. छोटी टाकी हलवायला सोपी असते हा समजच चुकीचा आहे. उचलायला हलकी, एवढंच. पाणी कमी असल्यामुळे तिथे अमोनिया (विष्ठा आणि कुजणाऱ्या घाणीतून तयार होणारं विष) जरासा वाढला तरी तो लगेच घातक ठरतो, तापमान भराभर उतरतं आणि क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, चटकन हलते. ३०० लिटरच्या टाकीत जी चूक पचून जाते, तीच ८० लिटरच्या टाकीत मासे मारते. वर्षानुवर्षं लोकांच्या टाक्या हलवायला मदत करताना मी त्याच त्या चुका पाहत आले आहे. त्यातल्या दोन सगळ्यात महाग पडतात, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिते.

जुनी वाळू तशीच उचलून नेणे

वाळूत अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया असतात, ते वाचवायचे, म्हणून वाळू टाकीतच ठेवायची, वर दोन बोटं पाणी ठेवायचं आणि टाकी तशीच उचलायची. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण छोटी टाकी बुडवायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

दोन-तीन वर्षं जुन्या वाळूत खाली काय साठलेलं असतं ते आधी समजून घ्या. माशांची विष्ठा, न खाल्लेलं अन्न, मेलेले किडे, सगळं कणाकणाने खाली मुरतं. वरच्या थरात ऑक्सिजन असतो. जसजसं खाली जावं तसा तो संपतो आणि खोल थरांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून वाळूत काळपट पट्टे दिसतात ते त्याचंच लक्षण. वाळू हलत नाही तोवर हे सगळं तिथेच अडकून राहतं. टाकी उचलली, गाडीत हिंदकळली, की वरची वाळू खाली, खालची वर, आणि जे अडकलेलं होतं ते एका दमात पाण्यात उतरतं.

ओळखीच्या एका तरुणाची साधारण ९० लिटरची सुंदर टाकी होती. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), मश्रूम आणि झोअँथिड ही कोरल, आणि कोरलमधलंच त्याने जिवापाड जपलेलं एक अ‍ॅक्रोपोरा. घर बदलायच्या आधी त्याने मला विचारलं होतं आणि वाळू टाकून दे असं मी सांगितलंही होतं. पण कुणीतरी त्याला बॅक्टेरियाची भीती घातली आणि तो वाळूसकट टाकी घेऊन गेला. नव्या घरी पोचल्यावर साठवलेलं पाणी ओतलं, दगड रचले, मासे सोडले. पाणी दुधाळ झालं होतं. निवळेल सकाळपर्यंत, असं तो धरून चालला.

रात्री उशिरा त्याचा फोन आला. "ताई, मासे वरच तोंड उघडून उभे आहेत, काय करू?"

मी पोचले तेव्हा झाकण उघडताच कुजलेल्या अंड्याचा वास आला. श्रिंप आडवा पडला होता. अमोनियाच्या चाचणीचा रंग तक्त्यातल्या सगळ्यात गडद चौकोनापर्यंत गेला होता. माझ्याकडे ड्रममध्ये मिठाचं पाणी तयार असतं, ते गाडीत घालूनच निघाले होते. टबमध्ये ते ओतलं, हीटर आणि एअर पंप लावला, मासे आणि कोरल तिकडे हलवले. मग टाकी पूर्ण रिकामी केली. तळाशी वाळूचा थर शाईसारखा काळा निघाला. श्रिंप आणि गोबी गेले. अ‍ॅक्रोपोराची कातडी दुसऱ्या दिवशी सुटली आणि खाली नुसता पांढरा सांगाडा उरला. क्लाउनफिश, मश्रूम आणि झोअँथिड वाचले. पुढे काही दिवसांनी टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं, कारण ओल्या वाळूच्या वजनाने काच मुरगळली आणि सिलिकॉनचा जोड सैल झाला. चौघांनी चार कोपरे धरून टाकी उचलली होती.

छोट्या रीफ टँकमध्ये बॅक्टेरियाचं बहुतेक काम लाइव्ह रॉकवर, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेल्या सच्छिद्र दगडांवर चालतं. दगड नीट नेले तर वाळू गेल्याने टाकी कोसळत नाही. मी स्वतः प्रत्येक वेळी नवी अ‍ॅरॅगोनाइट वाळू घेते, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते आणि घालते. मन अगदीच मानत नसेल तर जुन्या वाळूच्या वरच्या थरातली मूठभर वाळू टाकीच्या पाण्यात खळबळून जाळीच्या पिशवीत न्या. जुनीच वाळू वापरायची असेल तर ती बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मग ती नव्या वाळूसारखीच समजा. 'अर्धवट धुतली' असा प्रकार चालत नाही.

आणि टाकी उचलायची ती पूर्ण रिकामी, तळाखाली हात घालून. पाणी नाही, वाळू नाही, दगड नाही. १०० लिटर खारं पाणी १०० किलोपेक्षा जास्त भरतं हे लक्षात ठेवा. 'थोडंसं' पाणीही हिंदकळताना काचेवर फार जोर देतं.

पाणी पोचल्यावर बनवणे

दुसरी चूक घाईची. माणसं नव्या घरी पोचतात, दमलेली असतात, मासे बादलीत असतात आणि मग कुणीतरी टाकीसाठीच्या समुद्री मिठाचं पाकीट फोडतं. ताज्या कालवलेल्या पाण्यात मीठ पूर्ण विरघळलेलं नसतं, पीएच स्थिर नसतो, ऑक्सिजन कमी असतो, तापमान जुळत नाही. त्यात मासा सोडला तर त्याच्या कल्ल्यांना त्रास होणारच.

मी नव्या घरी आदल्या दिवशीच पाणी तयार ठेवते. आरओ-डीआय पाणी (फिल्टरने क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी), त्यात मीठ, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि हीटर, आणि निदान २४ तास फिरू देते. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट चुन्यासारखं खाली बसतं आणि ते परत विरघळत नाही. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे सुमारे १.०२६ सापेक्ष घनता, तापमान २५ अंशांच्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. तो शून्यावर बरोबर दाखवतो म्हणजे ३५ वरही बरोबर दाखवेलच असं नाही.

पाणी किती? माझं मत विचाराल तर संपूर्ण टाकी भरेल इतकं. अर्ध्यावर काम भागतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि सगळं सुरळीत झालं तर भागतंही. पण बिनसतं तेव्हा मध्यरात्री ते पाणी कुठून आणणार? वर सांगितलेल्या टाकीतलं जे वाचलं, ते तयार पाणी हाताशी होतं म्हणूनच.

याच वेळी मिठाचा ब्रँड बदलू नका. वेगवेगळ्या मिठांत अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) वेगळी असते. तुमची टाकी ८ डीकेएचवर रुळलेली असेल आणि नवं पाणी ११-१२ चं निघालं तर अ‍ॅक्रोपोरासारख्या कोरलची टोकं जळतात.

जुनं पाणी पूर्ण वाहून नेण्याचा हट्टही नको. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते बहुतेक पृष्ठभागांना चिकटलेले असतात. जुन्या पाण्याचा उपयोग एवढाच की त्यामुळे जिवांना एकदम बदल सोसावा लागत नाही. म्हणून काहीही हलवायच्या आधी वरचं स्वच्छ पाणी सायफनने काढून घ्या, निम्मं मिळालं तरी पुष्कळ. दगड उचलल्यावर जे गढूळ उरतं ते फेकून द्या.

उपसताना होणाऱ्या चुका

मासे आधी पकडायला जाणे. दगडांमधून जाळी घेऊन मागे लागाल तर कोरल तुटतील आणि मासा दगडातच शिरून बसेल. आधी पाणी, मग कोरल, मग दगड, आणि पाणी वीतभर उरलं की मासे सहज हाती येतात. प्रत्येक दगड टबावर उलटा धरून भोकं तपासा. गोबी आणि पिस्तूल श्रिंप आत दडलेले असतात.

हीटर चालू ठेवून पाणी काढणे. उघड्या हवेत तापलेली काच तडकते. आधी बंद करा, निवू द्या, मग पाणी काढा. परत लावताना तो पूर्ण बुडाल्यावरच.

लाइव्ह रॉक कोरडा नेणे. मी दगड नेहमी खाऱ्या पाण्यात बुडवूनच नेते, अगदी जवळ जायचं असलं तरी. ओल्या कापडात गुंडाळून नेणारे आहेत आणि अंतर थोडं असेल तर बॅक्टेरिया तगतातही, पण हवा लागली की दगडावरचे स्पंज नावाचे जीव मरतात आणि दोन दिवसांनी तेच अमोनिया सोडतात. उपसण्याआधी रचनेचा फोटो काढा. दगडाची उजेडातली बाजू परत उजेडातच यायला हवी.

कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) बंद करून तसाच नेणे. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बॅक्टेरिया गुदमरतात. पोचल्यावर सुरू केला की आतला घाण ऐवज थेट टाकीत येतो. आतलं पाणी फेका, गाळणारी माध्यमं (स्पंज, खडे वगैरे) उघड्या डब्यात टाकीच्या पाण्यात न्या.

यापुढची चूक जिवावर बेतणारी आहे, म्हणून थांबून वाचा. सामान आवरताना काहींना दगड 'स्वच्छ' करायची लहर येते. झोअँथिड आणि त्याच्याच गटातलं पॅलिथोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासू नका. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. वाफेतून ते श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. असे दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा, मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा.

प्रवासात

प्रत्येक कोरल वेगळ्या डब्यात. हॅमर आणि टॉर्च या कोरलना आधी हलकेच हलवून मिटू द्या, फुगलेल्या अवस्थेत भरले तर त्यांच्याच सांगाड्याच्या कडेने मांस फाटतं. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडतं, त्याला शेजारी देऊ नका. अ‍ॅनिमोनी ओढून काढू नका, दगडाला चिकटलेला तिचा पाय फाटला की हा फुलासारखा जीव सहसा जगत नाही. जमलं तर ती बसलेला दगडच उचला.

मासे झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरचा एअर पंप लावून आणि थर्माकोलच्या खोक्यात. झाकण विसरू नका, फायरफिश आणि रास हे मासे उडी मारतात. आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवा.

पोचल्यावर माशांच्या पाण्यात टाकीचं पाणी तासन्तास थेंबथेंब मिसळत बसायची सवय मला पटत नाही. मासे बादलीऐवजी बंद पिशवीत आणले असतील तर तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि त्याच पाण्यातला अमोनिया घातक होतो. क्षारता आधीच जुळवलेली असेल तर फक्त तापमान जुळू द्या, पंधरा-वीस मिनिटांत मासा जाळीने टाकीत सोडा आणि पिशवीतलं किंवा बादलीतलं पाणी बाहेर टाका.

नव्या घरी

जागा आधी ठरवा. पाणी भरल्यावर 'जरा डावीकडे सरकवू' होत नाही. स्टँड लेव्हलने तपासा. खिडकीचं थेट ऊन नको. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक वळसा ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

दिवे पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावणं ही अधीर लोकांची चूक. कोरल अंधारातून आलेलं असतं, दमलेलं असतं. मी निम्म्या तीव्रतेवर काही तास देते आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू नेहमीवर आणते. कोरल मिटलेलं दिसलं म्हणून त्याची जागा बदलत राहू नका, त्याने ते अजूनच मिटतं.

अमोनियाची चाचणी त्याच रात्री, दुसऱ्या सकाळी आणि मग आठवडाभर रोज. रंग जरासाही चढला तर वाट न पाहता पाणी बदला, ड्रममधलं उरलेलं पाणी त्यासाठीच आहे. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पहिल्या दिवसापासून लावा. खाणं पहिले काही दिवस चिमूटभर. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर गोडं आरओ-डीआय पाणी घाला, खारं नाही. नवे मासे आणि नवी कोरल महिनाभर आणू नका. अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट सलग शून्यावर राहिले की मग यादी काढा, आणि पहिल्यांदा एकच जीव आणा.