एआय एजंटला कळेल असं टूलचं वर्णन कसं लिहावं

एआय एजंट म्हणजे काम करताना बाहेरची टूलं, म्हणजे छोटे प्रोग्राम, स्वतः बोलावणारं भाषा-मॉडेल. नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे बाजारभाव देणारं एक छोटं टूल उदाहरणाला घेऊ. अशा टूलचं वर्णन बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं: ‘बाजारभाव देते. इनपुट: समिती, तारीख.’ आडतीच्या गाळ्यावरच्या माणसाला एवढं पुरतं, कारण भाव क्विंटलचा आहे हे त्याला सांगावं लागत नाही. एजंटला सांगावंच लागतं. त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात भरायची याचा आराखडा) एवढंच येतं. आतला कोड त्याला दिसत नाही. जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो आणि उत्तर मात्र ठामपणे देतो.

तेच वर्णन असं लिहा:

नाव: कांदा_भाव_पाहा
वर्णन: नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीतले, एका दिवसाच्या लिलावातले कांद्याचे भाव देते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव, तिन्ही रुपये प्रति क्विंटल (100 किलो). आवकही क्विंटलमध्ये. किरकोळ विक्रीचे दर किंवा पुढचा अंदाज देत नाही. फक्त वाचते, काही बदलत नाही.
समिती: सोबतच्या यादीतलंच नाव. आवश्यक.
तारीख: 2025-06-05 अशी, वर्ष, महिना, दिवस. भारतीय वेळेप्रमाणे. आवश्यक.
प्रकार: लाल किंवा उन्हाळी. दिला नाही तर दोन्ही येतात.

इथे वाचायला सोपं जावं म्हणून नाव देवनागरीत दिलं आहे. प्रत्यक्षात टूलचं आणि पॅरामीटरचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांतच ठेवा. वर्णन मराठीत चालतं.

एककावर इतका भर का? याच जिल्ह्यात कांदा क्विंटलवर, टोमॅटो 20 किलोच्या क्रेटवर आणि द्राक्षं किलोवर बोलली जातात. 1,800 हा नुसता आकडा परत आला तर कांद्याचा किलोचा भाव 18 रुपये की 90 रुपये, हे एजंट कशावरून ठरवणार? वर्णनात तर लिहाच, पण उत्तरातल्या प्रत्येक आकड्याच्या नावातही एकक घाला: ‘सर्वसाधारण_रुपये_प्रति_क्विंटल’. नाव लांबलं तरी चालेल.

तारखेचं दुखणं वेगळं. 05/06/2025 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकी पद्धतीने 6 मे. शिवाय सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलाच दिवस चालू असतो, त्यामुळे ‘काल’ एका दिवसाने मागे सरकतो.

समितीचं नाव मोकळं सोडू नका, स्कीमात एनम (चालणाऱ्या नावांची ठरावीक यादी) देऊन बांधा. लोक ‘बागलाणचा भाव’ विचारतात, यादीत ‘सटाणा’ असतं. कोणी नुसतं ‘पिंपळगाव’ म्हणतं, यादीत ‘पिंपळगाव बसवंत’ असतं. विंचूरला लासलगाव समितीचाच उपबाजार आहे, पण तिथले भाव वेगळे नोंदले जातात. अशा जोड्या वर्णनातच लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ रिकाम्या उत्तराने होतो. रविवारी लिलाव नव्हता आणि टूलने भाव 0 पाठवला, तर एजंट शेतकऱ्याला कांदा शून्यावर आल्याचं सांगू शकतो. रिकामी यादी पाठवली तरी त्यातून काहीच कळत नाही. म्हणून स्थिती वेगळ्या शब्दांत द्या: ‘लिलाव झाला नाही’, ‘लिलाव झाला, भाव अजून आलेले नाहीत’, ‘या प्रकाराची आवक नव्हती’. तिन्हींवर एजंटने करायचं काम वेगळं आहे: पहिल्यात आधीची तारीख पाहायची, दुसऱ्यात थांबायचं, तिसऱ्यात दुसरा प्रकार सुचवायचा. हेही वर्णनात लिहा.

चूक कळवणाऱ्या संदेशाचंही तसंच. ‘एरर 400’ वाचून एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. ‘पिंपळगाव हे नाव यादीत नाही, पिंपळगाव बसवंत वापरून पाहा’ असं वाचलं की दुसऱ्या खेपेला बरोबर येतो. एजंटला टूलं जोडण्याची खुली प्रमाण पद्धत म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एमसीपीवर टूल असेल, तर अशी चूक टूलच्या उत्तरातच ‘इज-एरर’ खूण लावून पाठवा, म्हणजे ती मॉडेलपर्यंत पोचते.

शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणारं टूल असेल तर जास्त जपा. सर्व्हर मंदावला, उत्तर वेळेत आलं नाही, एजंटने पुन्हा प्रयत्न केला, आणि 300 जणांना तोच निरोप दोनदा गेला, असं सहज होतं. प्रत्येक विनंतीला एक वेगळा क्रमांक मागा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नव्याने न पाठवता आधीचंच उत्तर द्या. ‘पाठवलेला संदेश परत घेता येत नाही, आधी मजकूर आणि फोन क्रमांकांची संख्या वापरकर्त्याला दाखवून होकार घ्या’ हे वर्णनात असू द्या. पण तेवढ्यावर विसंबू नका, होकाराची तपासणी कोडमध्येही हवी.

‘कांदा_भाव’ आणि ‘कांदा_दर’ अशी जुळी टूलं ठेवू नका, एक काढून टाका.

शेवटी चाचणी. लोक बोलतात तसे 20 प्रश्न लिहा: ‘काल लासलगावला उन्हाळ काय गेला?’, ‘सटाण्याला परवा आवक किती?’, टूलच्या आवाक्याबाहेरचेही दोन-तीन, जसं ‘पुढच्या आठवड्यात वाढेल का?’ प्रत्येक प्रश्न नव्या सत्रात विचारा आणि एजंटने कोणतं टूल, पॅरामीटरमध्ये काय भरून बोलावलं ते उतरवून घ्या. चुकलं तर वर्णनातलं एकच वाक्य बदला आणि वीसही प्रश्न पुन्हा चालवा. मॉडेल बदललं की हेच वीस प्रश्न परत काढा.