बायपासनंतरची थायरॉईडची गोळी: कंपनीला दोष देण्याआधी घड्याळ बघा

दुकानातल्या मुलानं स्ट्रिप पुढे सरकवली तेव्हा रंगावरूनच कळलं, ही आपली नव्हे. "तीच आहे ताई, फक्त कंपनी वेगळी. जेनेरिक आहे." गॅस्ट्रिक बायपास होऊन मला तेव्हा पाच महिने झाले होते. वजन ११२ वरून ८८ वर आलेलं, आणि थायरॉईडची गोळी अकरा वर्षांपासूनची, १२५ मायक्रोग्रॅम. मी ती स्ट्रिप घेतली. सात आठवड्यांनी टीएसएच आला ९.४. (ही थायरॉईडची रक्तचाचणी. औषध कमी पडलं की आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो.) केस मूठमूठ हातात येत होते, दुपारी डोळे उघडे राहत नव्हते. मी पेटलेच. डॉक्टरांसमोर स्ट्रिप आपटून म्हटलं, "ही बनावट गोळी बंद करा."

त्यांनी स्ट्रिपकडे पाहिलंही नाही. विचारलं, "कॅल्शियम कधी घेता?"

कॅल्शियम मी सकाळी घ्यायला लागले होते. थायरॉईडच्या गोळीनंतर वीस मिनिटांनी, सगळं एकदाच उरकावं म्हणून. आणि कॅल्शियम जवळ आलं की थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. आणि ही शहाणपणाची कल्पना मला त्याच महिन्यात सुचली होती, ज्या महिन्यात कंपनी बदलली. मी आयुष्यभर हिशेब लिहायचं काम केलंय. एकाच दिवशीच्या दोन नोंदींपैकी चूक कुठल्या नोंदीत आहे हे न बघता एकीवर काट मारायची नसते, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून आधी वेळापत्रक आणि मग कंपनी, याच क्रमानं सांगते.

पोटात नेमकं काय बदललं

गोळीतलं औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि औषध शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात. धडधाकट पोटातसुद्धा उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतलं साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोचतं. बायपासमध्ये जठराची एक छोटी पिशवी उरते, तीत आम्ल नावापुरतं, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वळसा घालून वगळलेला असतो. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये आतडं तसंच राहतं, पण जठराचा मोठा भाग काढलेला असतो. त्यात ऑपरेशननंतर काही महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही चालू असतात. त्यांनीही शोषण घटतं.

दुसरीकडे वजन उतरतं तशी औषधाची गरजही कमी होते, कारण हा डोस शरीराच्या वजनाशी बांधलेला असतो. म्हणजे एक दोरी वर ओढते आणि एक खाली. कोणाचा डोस वाढतो, कोणाचा घटतो. माझा टीएसएच दोन्हीकडे गेला: सातव्या महिन्यात वर, आणि वर्षभरानं वजन ७१ झालं तेव्हा तो ०.२ वर आला, रात्री छाती धडधडायची. डोस १०० केला. तेव्हा कंपनी बदललेली नव्हती, हे मुद्दाम सांगते.

घड्याळ असं लावा

थायरॉईडची गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही, आणि कॉफी तर नाहीच. कॅल्शियम, लोह आणि या दोन्हींपैकी काही असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर. वर कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि कॅल्शियम व लोहही एकमेकांपासून दोन तास लांब. कागदावर मांडून बघा, दिवस पुरत नाही.

मला पुरला नाही. म्हणून मी थायरॉईडची गोळी रात्रीवर नेली. शेवटच्या घासानंतर तीन तासांनी, झोपताना. रात्री घेतलेली गोळी सकाळच्यापेक्षा कमी पडत नाही, उलट थोडी सरसच ठरते असं नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका चाचणीत दिसलं होतं. फक्त कॅल्शियमचा शेवटचा डोस संध्याकाळी लवकर संपवावा लागतो. आणि रात्री उशिरा खायची सवय असेल तर या वाटेला जाऊ नका, सकाळच बरी.

घड्याळ सुधारलं. गोळी तीच ठेवली, मी जिला बनावट म्हटलं होतं ती. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१.

मग जेनेरिक की ब्रँड?

औषध एकच. फरक असतो तो भरणद्रव्यात (औषधाखेरीज गोळीत घातलेल्या इतर पदार्थांत), रंगात आणि गोळी फुटायच्या-विरघळायच्या पद्धतीत. मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं औषध असल्यामुळे थोडा फरकही जाणवू शकतो, म्हणून त्यावर नियमही कडक आहेत. अमेरिकेत २००७ मध्ये ठरलेल्या नियमानुसार गोळीतलं औषध लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांत राहावंच लागतं. तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात, २०२२ साली, एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर गेलेल्यांच्या टीएसएचमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. (जुना किस्सा याहून मजेदार. ब्रँड आणि जेनेरिक सारखेच आहेत असं दाखवणारं बेटी डाँग यांचं संशोधन, ज्या कंपनीनं त्याला पैसे दिले तिनंच अडवून धरलं होतं. ते छापून आलं १९९७ मध्ये.)

पण ती आकडेवारी सर्वसाधारण पोटांची. आपलं पोट जिथे काठावर चाललंय, तिथे मी एवढंच पाळते: महाग-स्वस्त काहीही चालेल, दर महिन्याला नवीन नको. ब्रँड घेतलात तर ब्रँड, जेनेरिक घेतलंत तर त्याच कंपनीचं जेनेरिक. डॉक्टरांना चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहायला सांगा. एकदम दोन-तीन महिन्यांच्या स्ट्रिपा घ्या आणि उन्हापासून, ओलीपासून लांब ठेवा. या औषधाला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही.

कंपनी बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा. त्याआधी नाही, कारण हे औषध शरीरातून अर्धं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं आणि टीएसएच त्याच्याही मागून रेंगाळत येतो. दिवस गेलेले असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा थायरॉईडच्या कर्करोगानंतरची गोळी असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय बदल घेऊच नका. छातीत दुखलं किंवा ठोके अनियमित वाटले तर आठवडे मोजत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

नव्या स्ट्रिपनंतर पोट फुगत असेल तर भरणद्रव्यांत लॅक्टोज आहे का बघा. ऑपरेशननंतर दूध न पचणारे पुष्कळ निघतात.

घड्याळ चोख आहे, डोस वाढतच चाललाय आणि टीएसएच तरी वरच, असं झालं तर जेनेरिकवरून ब्रँडवर जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. गोळीवरून द्रवरूप औषधावर किंवा मऊ कॅप्सूलवर जाता येईल का, हे विचारा. त्यांना विरघळायला आम्लाची तितकी गरज पडत नाही. शोषण एकदम सुधारून डोस जास्त होऊ शकतो, तेव्हा इथेही सहा-आठ आठवड्यांची तपासणी आलीच.

तपासणीच फसली तर

केस गळतात म्हणून आपण बायोटिन हे व्हिटॅमिन घेतो. वजन झपाट्यानं उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच, थायरॉईड ठीक असला तरी. पण बायोटिनचा मोठा डोस काही प्रयोगशाळांच्या चाचणीत घोळ घालतो आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. मग डॉक्टर डोस कमी करणार, आणि आपण आणखी गळून जाणार. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्या. मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवरही ते लपलेलं असतं. रक्त शक्यतो एकाच प्रयोगशाळेत द्या, आणि गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येक नव्या स्ट्रिपचा कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेला तुकडा कापून डाव्या पानावर चिकटवते, उजवीकडे वजन, डोस, टीएसएच आणि त्या महिन्यात दुसरं काय बदललं ते. हा शेवटचा रकाना मी नवव्या महिन्यात वाढवला. दुकानातला तो मुलगा आता वेगळी स्ट्रिप देण्याआधी विचारतो. घ्यावी लागली तर मी तारीख टाकते आणि सहा आठवडे पुढचं पान दुमडून ठेवते.