जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागत असल्यामुळे एरवी धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप कपाटात जाऊन पडले. माझा २०१४ साली घेतलेला लॅपटॉप त्यांपैकीच एक. ४ जीबी रॅमच्या त्या यंत्रावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली बसवून ते पुन्हा वापरात आणायचे मी ठरवले. त्या कामात माझ्या हातून ज्या चुका झाल्या आणि पुढे नातेवाइकांचे लॅपटॉप हाताळताना ज्या पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे लिहीत आहे.

डिस्क न ओळखता पुढे जाणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली बसवून देणारा प्रोग्रॅम, एका टप्प्यावर डिस्कची यादी दाखवतो. तिथे ‘सी’, ‘डी’ अशी ओळखीची नावे नसतात, तर एसडीए, एसडीबी अशी नावे आणि पुढे आकडे असतात. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क तिथे अनेकदा ४६५ जीबी दिसते, कारण उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो. माझ्यासमोर पहिल्या ओळीत ४६५.८ होते आणि दुसऱ्या ओळीतही ४६५.८, कारण बॅकअप घेतलेली बाहेरची डिस्क मी तशीच जोडून ठेवली होती. शेजारी बारीक अक्षरांत डिस्कचा मॉडेल क्रमांक लिहिलेला होता. तो न वाचता मी अंदाजाने एक ओळ निवडली आणि बॅकअपच पुसला गेला. मूळ फोटो लॅपटॉपमध्ये शाबूत होते म्हणून निभावले. तेव्हापासून बॅकअप घेतल्यावर त्यातल्या पाच-सहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायच्या, ती डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि मगच इन्स्टॉलर सुरू करायचा, हा क्रम मी मोडलेला नाही.

विंडोजही ठेवायचे असेल, तर आधी त्यातले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण बायोसमधली, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, एखादी सेटिंग बदलताच ती मागितली जाऊ शकते. वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉपचे झोपणे या तिन्ही गोष्टी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून अगोदरच तपासता येतात. वायफाय चालत नसेल, तर फोन केबलने जोडून त्याच्या इंटरनेटवरून (यूएसबी टेदरिंग) वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारा प्रोग्रॅम, उतरवता येतो.

घड्याळाकडे दुर्लक्ष करणे

दोन्ही प्रणाली असलेल्या लॅपटॉपवर विंडोजमधले घड्याळ अनेकदा बरोबर साडेपाच तास मागे दिसते. विंडोज मदरबोर्डवरचे (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट-पाटीवरचे) घड्याळ स्थानिक वेळेचे मानते आणि लिनक्स बहुधा ते जागतिक प्रमाणवेळेचे मानते, एवढाच हा घोळ आहे. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की तो मिटतो. तारीखच काही वर्षे मागे जात असेल, तर मात्र मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल संपलेला असतो. अशा वेळी ब्राउझर सगळ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरवतो आणि माणूस दिवसभर वायफायला दोष देत बसतो.

एकाच वेळी तीन गोष्टी बदलणे

झोपेतून उठल्यावर माझा पडदा काळाच राहत असे. वैतागून एकाच रात्री मी कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि ऊर्जेची सेटिंगही बदलली. पडदा उजळला, पण महिन्याभराने अपडेटनंतर तोच त्रास परत आला, तेव्हा आधी नेमक्या कशाने गुण आला होता हे मला सांगता येईना. आता एक बदल, एक रीस्टार्ट आणि वहीत तारखेसह एक ओळ, असे चालते. ही वही मला कोणत्याही व्हिडिओपेक्षा अधिक शिकवते. शिवाय घरच्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी जो लॅपटॉप लागणार आहे, त्याला मी रात्री हात लावत नाही, कारण शिकण्याची हौस माझी असते आणि खोळंबा त्यांचा होतो.

जुन्या मराठी फाइली विसरणे

कृतिदेवसारख्या युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर नव्या प्रणालीवर, तो फॉन्ट नसल्यास, इंग्रजी अक्षरांची रांग होऊन दिसतो. विंडोज काढण्यापूर्वीच अशा फाइलींची पीडीएफ प्रत करून ठेवावी आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. आईच्या भजनी मंडळाचे चाळीसेक अभंग अशाच फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. रूपांतरानंतर बरीच अक्षरे जागेवर आली, पण रफार आणि पहिली वेलांटी ठिकठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली होती. दोन रविवार आई जुन्या छापील प्रतीतून एकेक ओळ वाचत होती आणि मी पडद्यावर बोट ठेवून ती ताडून पाहत होतो.