तरुण संघ काढताय? मग नाताळची घाई नको

चर्चमध्ये तरुण संघ सुरू करायची हौस बहुतेकांना डिसेंबरातच येते. कॅरलच्या फेरीला पोरं ढिगाने जमतात आणि वाटतं, हीच वेळ. माझं ऐकाल तर थांबा. जानेवारीत त्यातली निम्मी दिसत नाहीत, पुढे बारावी-दहावीच्या परीक्षा. जूनमध्ये कॉलेजं उघडली की सुरुवात करा, नवी मुलंही तेव्हाच मिळतात.

आधी पाळकसाहेबांशी बोला. नुसती परवानगी म्हणून नाही. चर्चचा हॉल त्यांच्यामुळे मिळतो आणि आईवडील पोरींना पाठवायला तयार होतात तेही त्यांच्याच शब्दावर. अठराच्या आतली मुलं येणार असतील तर दोन मोठी माणसं कायम हजर हवीत, त्यात एक बाई. इथे मी तडजोड करत नाही.

वेळ ठरवताना भक्तीपेक्षा रेल्वेचा विचार जास्त करावा लागतो, हसू नका. आमचा संघ ठाण्यात, पण मुलं कळवा, ऐरोली, घणसोलीची. रविवारी मेगाब्लॉक असला की ट्रान्स-हार्बर लोकलने येणारी मंडळी गायब. शिवाय ऐरोलीच्या आयटी पार्कात नाइट शिफ्ट करणारे उपासना संपवून घरी जाऊन झोपतात. आम्हाला शनिवारी संध्याकाळी सहा सोयीचं पडलं.

आता मुख्य गोष्ट. पुढारी बोलतोय आणि बाकीचे माना डोलावताहेत, अशा सभेला मुलं महिनाभर येतात, मग 'क्लास आहे' सुरू होतं. अमेरिकेत पोर्टलंडच्या चर्चमध्ये फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी 1881 मध्ये तरुणांसाठी ख्रिश्चन एन्डेवर ही संघटना सुरू केली, तेव्हा सभासदांकडून वचनच घेतलं होतं की प्रत्येक सभेत काहीतरी भाग घ्यायचा. मला ही अट आजही पटते. कुणी बायबलमधलं वचन वाचेल, कुणी गीत निवडेल, कुणी नुसता चहा आणेल. पण कोरडा कुणी नको.

अभ्यासाला मार्काचं शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय, गोष्टी वेगाने पुढे सरकतात. प्रश्न असे विचारा की ज्यांचं उत्तर 'प्रीती' किंवा 'विश्वास' असं ठोकून देता येणार नाही. दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात. मी विचारलं, यात तुम्ही कोण? कळव्याला भाड्याने राहणारा एक जण पटकन म्हणाला, "मी घरमालक. ते छप्पर दुरुस्त कुणी केलं?" सगळे हसले. मग विषय निघाला डिपॉझिटचा, गावाकडून आलेल्या भावाला खोलीत ठेवून घ्यावं की नाही याचा, आपल्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाचा. मी तयार केलेलं टिपण खिशातच राहिलं, आणि तसंच राहायला हवं.

गाण्यांचं थोडक्यात सांगतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना नारायण वामन टिळकांची भजनं घरात ऐकून पाठ असतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. शब्द मोठ्या अक्षरात छापून द्या, गिटारसोबत ढोलकी ठेवा. भांडण मिटतं.

प्रार्थनेच्या विनंत्या मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. 'अमकीच्या नोकरीसाठी प्रार्थना करा' हा मेसेज संध्याकाळपर्यंत तिच्या मावशीच्या फोनवर असतो आणि पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. विनंत्या खोलीत सांगायच्या, खोलीतच राहू द्यायच्या. दुसऱ्या धर्माचा मित्र कुतूहलाने आला तर त्याला सभा कसली आहे ते आधीच सरळ सांगा. 'नुसता म्युझिकचा कार्यक्रम आहे' असं म्हणून कुणाला आणायचं नाही.

वर्गणीची वही दोघांकडे ठेवा. वडापावचे पैसेसुद्धा लिहा.

आणि दुसऱ्या वर्षासाठी एक मुलगा, एक मुलगी आतापासूनच हेरून ठेवा. हॉलची किल्ली, वही आणि ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्यांच्याकडे द्यायचं. किल्ली लोक सहज देतात. अ‍ॅडमिनपद सोडताना मात्र भल्याभल्यांना जड जातं, का कोण जाणे.