इतिहासकारावर आरोप झालाय? आधी तळटीप उघडा

सगळं पुस्तक तपासायला बसू नका, दमाल. आरोपातली तीन-चार विधानंच घ्या, शक्यतो आकडा, तारीख किंवा अवतरण असलेली. प्रत्येकाची तळटीप मूळ कागदापर्यंत न्या. तळटीप दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवत असेल, तर तेही उघडा. बरेचसे आरोप इथेच खरे ठरतात किंवा गळून पडतात.

काय शोधायचं ते ज्यूंचा संहार नाकारणारा ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्व्हिंग याच्या खटल्यात नीट दिसतं. आपल्याला खोटारडा ठरवल्याबद्दल त्याने अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट आणि पेंग्विन प्रकाशनावर लंडनमध्ये दावा लावला आणि ११ एप्रिल २००० रोजी तो हरला. प्रतिवादींच्या बाजूने इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी दोन संशोधक विद्यार्थ्यांना हाताशी धरून दोनेक वर्षं त्याच्या तळटीपाच उलगडल्या होत्या.

हिटलरच्या एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याच्या फोनच्या टिपणवहीत ३० नोव्हेंबर १९४१ ची नोंद आहे : बर्लिनहून निघालेली ज्यूंची गाडी, संहार नको. गाडी एक, तीही रीगाकडे निघालेली. आयर्व्हिंगने त्यातून हिटलरचा ‘ज्यूंना मारू नका’ असा सरसकट हुकूम काढला. म्हणून मूळ ओळ वाचताना एकवचन-अनेकवचन, ठिकाण आणि हुकूम देणारा कोण, हे आधी पाहा. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत ‘हाबेन’ हा शब्द त्याने ‘युडेन’ (म्हणजे ज्यू) असा वाचला. एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी थांबायचं होतं, थांबले ज्यू! हस्ताक्षरात असं होऊ शकतं, मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून एका वाचनचुकीवर निकाल देऊ नका. चुकांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा, फायदा कोणाला? नजरचुका दोन्हीकडे झुकतात. सगळ्या एकाच पारड्यात पडत असतील, तर काट्यातच खोट आहे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात : चूक दाखवल्यावर लेखकाने काय केलं? जर्मनीतल्या ड्रेस्डेनवरच्या बॉम्बहल्ल्यातल्या मृतांचा आयर्व्हिंगने वापरलेला २,०२,०४० हा आकडा बनावट प्रतीतून आला होता. अस्सल कागदात २०,२०४ होते, कोणी तरी शेवटी शून्य चिकटवलं होतं. आयर्व्हिंगने १९६६ मध्ये वृत्तपत्रातून दुरुस्ती मान्य केली, तरी पुढे भाषणांत लाखाचा आकडा चालूच ठेवला. तेव्हा पहिली आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवून तेवढीच पानं ताडून पाहा.

उलट बाजूने आरोप करणाऱ्यालाही तपासा. मराठी साधनांत वर्षाचा घोळ हमखास होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा आहे. फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो, म्हणून १६३०. ७८ मिळवणाऱ्याला १६२९ मिळेल आणि तो वर लेखकालाच खोटा म्हणेल. तारीखही तशीच : जुन्या ज्युलियन पंचांगाने १९ फेब्रुवारी, तर आजच्या ग्रेगरियनने १ मार्च. दोन्ही बरोबर.

आरोप खरा ठरला तरी पुस्तक रद्दीत घालायची घाई नको. आयर्व्हिंगविरुद्ध निकाल देणारे न्यायमूर्ती ग्रे यांनीही लष्करी इतिहासकार म्हणून त्याच्या अभ्यासाला दाद दिली होती. असा लेखक कुठला कागद कुठल्या दप्तरात आहे हे कळण्यापुरता वापरा. कागदात काय लिहिलंय, ते स्वतः वाचा.